माईंचं ‘नाही’

“खळगा पडला नडगीवर. अंगठा काढला तरी तसाच,” आत्या म्हणाली आणि हातातली पिशवी तिने बांधणीच्या टेबलावर आपटली. “तेहतीस वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात काढली मी. सूज कशाला म्हणतात ते मला नका शिकवू कुणी.”

रविवारची दुपार होती. कारखान्यातली दोन्ही यंत्रं बंद होती, खळीचं पातेलं थंड पडलं होतं आणि घरातली सगळी माणसं वरच्या खोल्या सोडून खाली टेबलाभोवती जमली होती. ह्या घराची ही जुनी खोड. लग्नं ठरली ती ह्याच टेबलापाशी, भांडणं झाली तीही इथेच. वर जागा नव्हती असं नाही, पण हाताशी दोरा किंवा पुठ्ठा असल्याशिवाय ह्या लोकांना बोलताच येत नसे. तीन पिढ्या सरकारी नोंदवह्या बांधून पोट भरलेली माणसं ती.

“तुला आत सोडलं?” थोरल्याने विचारलं.

“आत कसली सोडतायत! दुहेरी जाळी. ती पलीकडे, मी अलीकडे. मीच म्हटलं, पाय बाकावर घे, नडगीवर अंगठा दाब, दहापर्यंत मोज आणि काढ. तिने काढला. लांबून दिसला मला खळगा. तोंड सुजलंय, डोळे बारीक झालेत. चार दिवस डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे काजवे चमकतात म्हणाली. आणि तिथला डॉक्टर तिला काय देतो? पित्ताची गोळी! पित्ताची!”

धाकटा कटरच्या मुठीला टेकून उभा होता. तुरुंगात होती ती त्याची बायको, धाकटी. “म्हणजे काय आत्या?” त्याने विचारलं. “सरळ सांग.”

“म्हणजे बीपी चढलंय. उतरवलं नाही तर झटके येतील. झटके आले तर दोघंही जातील, ती आणि पोटातलंही. आज नाही तर उद्या तिला मोठ्या हॉस्पिटलात हलवायला हवं. परवावर ढकलून चालायचं नाही.”

धाकटी एका पॅकिंगच्या कारखान्यात कामाला होती. तिथल्या एका बाईची तीन बोटं यंत्रात गेली, तेव्हा बायका फाटकात बसल्या. कुणीतरी मॅनेजरच्या गाडीची काच फोडली. अकरा जणी धरल्या, दहा सुटल्या. धाकटीच्या हातात भोंगा होता, म्हणून ती राहिली. त्याला आता पंधरा आठवडे झाले होते. कच्ची कैद. गुन्हा शाबीत व्हायचा होता आणि शिक्षा मात्र आधीच सुरू झाली होती.

वकीलबाई कागदाच्या गठ्ठ्यावर बसल्या होत्या, कारण कारखान्यात खुर्ची एकच आणि ती माईंची. त्यांनी फाइल उघडली. “उद्या अकराला सुनावणी आहे. तुरुंगाने उत्तर दिलंय. वाचते. ‘अटकेच्या वेळी सदर स्त्री गर्भवती नसल्याचे तिच्या सासूने पोलिसांना सांगितले. सदर स्त्रीनेही माहिती लपवली. सध्याचा त्रास हा जुना, लपवलेला आजार असण्याची शक्यता आहे.’ एवढंच आहे. बाकी सह्या आणि शिक्के.”

माईंकडे कुणी पाहिलं नाही. सगळ्यांनी इतक्या ठरवून पाहिलं नाही, की त्यापेक्षा कुणी दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं, असं माईंना वाटलं.

त्या हातातली सुई खाली ठेवत नव्हत्या. समोर एक अर्धवट शिवलेली वही होती आणि त्या टाके घालत होत्या, रविवार असूनही. पंधरा आठवडे त्यांना ते दार दिसत होतं. सकाळी साडेसहाला वाजलेली कडी. पोलीसबाईच्या हातात छापील तक्ता. नाव, वय, आजार आहे का, गर्भवती आहे का? शेजारची चार दारं उघडलेली, माणसं बाहेर आलेली. धाकटी मागे चप्पल शोधत होती. आणि माई म्हणाल्या होत्या, “नाही हो, तसलं काही नाही.” विचार करून बोलल्या नव्हत्या. अठरा वर्षांची सवय बोलली. धाकटीने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं आणि तीही गप्प राहिली. सासूचा शब्द खाली पडू दिला नाही तिने. शहाणी म्हणवणाऱ्या दोन बायका, आणि दोघींनी मिळून एका पोराच्या जिवावर पाणी सोडलं होतं.

घराचा नियमच होता तसा. पाचवा महिना सरेपर्यंत पोटातल्या मुलाचं नाव काढायचं नाही. शेजारी नाही, पाहुण्यांत नाही, दवाखान्यात नाव घालायला नाही. काय तपासायचं ते आत्या घरात तपासेल. नियम माईंनी घातला होता, थोरल्या सुनेचं पहिलं गेलं तेव्हा. त्या वेळी गावभर सांगून झालं होतं, आणि मग गावभर येऊन हळहळून गेलं. पुन्हा असं व्हायला नको म्हणून माईंनी तोंडं शिवली. शिवणं हे त्यांचं कामच होतं.

“कायदा काय म्हणतो?” धाकट्याने विचारलं.

“कायदा पुष्कळ म्हणतो,” वकीलबाई म्हणाल्या. “बाई आत आली की चोवीस तासांत बाई डॉक्टरने तपासायचं. गरोदर असली तर वेगळी नोंद, दर महिन्याला तपासणी, वेगळा आहार, बाळंतपण बाहेरच्या हॉस्पिटलात, हातकडी नाही. जामीन देताना कोर्टाने पोटाकडे बघायचं. सगळं छापलेलं आहे. पण तुरुंग म्हणतो, आम्हाला ठाऊकच नव्हतं. त्यांनी तपासलं नाही ही त्यांची चूक, पण ते तुमच्या ‘नाही’च्या आड लपलेत. मला दोन गोष्टी हव्यात. एक, सासूबाईंनी उद्या उभं राहून सांगायचं की त्या दिवशी मी पोलिसांना खोटं सांगितलं. दोन, अटकेच्या आधीचा एखादा कागद. कितवा होता, बीपी किती होतं. कागदावर बीपी चांगलं निघालं तर ‘जुना आजार’ तिथेच संपला.”

“कागद नाहीये,” धाकटा म्हणाला. “पाचवा सरला त्याच दिवशी मी जाऊन सांगितलं तिथे. कारकून म्हणाला कागद आणा. कुठून आणू? ह्या घरात दवाखान्याची पायरी चढायला बंदी!”

थोरला उठला. आतापर्यंत तो पुठ्ठ्याच्या कडेवरून नख फिरवत होता. “आईला कोर्टात उभं करायचं नाही,” तो म्हणाला. “पोलिसांना खोटं सांगितलं म्हणून उद्या तिलाच आत घेतील. सत्तरीला आलीय ती. वकीलबाई, घेऊ शकतात की नाही?”

“खटला भरू शकतात. भरतीलच असं नाही.”

“झालं तर! दोघी आत, मग बसा हात चोळत. हे सगळं कोर्टाशिवाय होण्यासारखं आहे. मी बोललोय तिथे. मंगळवारी तिला गुपचूप हॉस्पिटलात पाठवतायत.”

“कुणाशी बोललास?” आत्याने विचारलं.

“ऑफिसात. शुक्रवारी ठेक्याच्या वह्या तुरुंगात पोचवायला गेलो होतो तेव्हा.”

“आणि ते तुझ्या शब्दावर पाठवतायत? एवढे सज्जन कधीपासून झाले?”

थोरला गप्प झाला. माईंना आपल्या लेकाचा गप्पपणा लहानपणापासून माहीत होता. खिडकीची काच फुटली की तो असाच उभा राहायचा, पाय जुळवून. “काय करून आलास?” त्यांनी विचारलं. पंधरा आठवड्यांत पहिल्यांदाच त्यांच्या आवाजाला धार आली.

“एक सही केली.”

“कशावर?”

“कुटुंबप्रमुख म्हणून. तिच्या देखभालीबद्दल आमची काही तक्रार नाही, म्हणून.”

कटरची मूठ धाकट्याने सोडली आणि तो टेबलाला वळसा घालून आला. थोरला मागे सरला नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. धाकट्याने त्याची कॉलर धरली. “तक्रार नाही? तिचे पाय फुटायला आलेत आणि तुझी तक्रार नाही? तुझी बायको आहे का ती? तू कोण सही करणारा?”

“तिला बाहेर काढायलाच केली रे! ते म्हणाले, सही नसेल तर हॉस्पिटलचा कागद पुढे सरकणार नाही. तू नुसता ओरडतोस. तुझ्या ओरडण्याने आजवर काय सुटलं?”

“आणि तुझ्या मान डोलावण्याने? आधी तुझा ठेका, मग माझी बायको!”

“सोड त्याला,” आत्या म्हणाली. “सोड म्हणते ना! पोरगी तिथे डोळे पांढरे करेल आणि तुम्ही इथे गचांड्या धरा.”

वकीलबाई शांतपणे म्हणाल्या, “तो कागद ते उद्या कोर्टात दाखवतील. ‘घरच्यांचीच तक्रार नाही.’ मंगळवार येणारच नाही, दादा. तुम्हाला त्यांनी फसवलंय.”

थोरली सून दाराशी उभी होती. चहाचे पेले गोळा करायला म्हणून ती उठली होती आणि ते हातातच राहिले होते. ह्या टेबलाशी तिने एकोणीस वर्षांत फार कमी शब्द खर्च केले होते. नवरा बोलत असला की ती गप्प, सासू बोलत असली की मग तर गप्पच. पण आत्ता तिच्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. कागद नाहीये, असं भावोजी म्हणाले. आणि आत्याबाई खाली बघत होत्या. आणि माई टाका घालायच्या थांबल्या होत्या.

‘सांगतील,’ तिला वाटलं. ‘आता तरी सांगतील.’

कुणी सांगितलं नाही.

तिने पेले खाली ठेवले, ते खणखणले. मग ती माईंच्या खुर्चीमागच्या कपाटाकडे गेली. वरच्या फळीवर दुमडलेल्या कागदांच्या फर्म्यांमागे एक पत्र्याचा डबा होता. कुणाला न विचारता तिने तो काढला.

“थोरले,” माई म्हणाल्या. “ठेव तो.”

“नाही ठेवत.”

डब्यातून तिने तीन वह्या काढून टेबलावर ठेवल्या. तळहाताएवढ्या, कापडी पाठीच्या, सुबक. घरात दिवस गेले की माई एक अशी वही शिवत. पानं कोरी. मूल जन्मलं की पहिल्या पानावर नाव घालायचं. एवढं पुरुषांना ठाऊक होतं. बायकांना त्यापुढचं ठाऊक होतं.

“भावोजी, कागद आहे,” थोरली म्हणाली. “आत्याबाई तपासतात आणि त्यांच्या दवाखान्याच्या छापील चिठ्ठीवर लिहितात. तारीख, बीपी, वजन, कितवा. वर क्रमांक, खाली शिक्का. माई ती चिठ्ठी पुठ्ठ्यावर ठेवतात आणि वरून अस्तर चिकटवून टाकतात. मूल होईपर्यंत उघडायची नाही. ही तिसरी वही धाकटीची आहे.”

धाकट्याला ते समजायला जरा वेळ लागला. मग त्याचा चेहरा असा झाला की आत्याने त्याच्यापुढचं दाभण हळूच उचलून घेतलं.

“घरात होता?” तो म्हणाला. “मी त्या कारकुनापुढे हात जोडत होतो आणि कागद ह्या कपाटात होता? आई? आत्या, तुलाही माहीत होतं?”

“दोनदा म्हटलं मी वहिनींना, फोडा म्हणून,” आत्या म्हणाली. “त्या नको म्हणाल्या. आणि मी गप्प बसले. नर्स म्हणवते स्वतःला! थोबाडीत मार माझ्या.”

“वन्सं, मला वाटलं उघडली की काही वाईट होईल,” माई म्हणाल्या. आवाज इतका लहान की यंत्र चालू असतं तर ऐकूही आला नसता.

“आणि न उघडून काय चांगलं झालं, माई?” थोरली म्हणाली. “ह्या दोन माझ्या आहेत, दुसऱ्याची आणि तिसऱ्याची. पहिलं गेलं तेव्हा सगळ्यांना माहीत होतं म्हणून तुम्ही नियम घातलात. माझ्यासाठी घातलात, कळतं मला. पण दुसरं गेलं ते कुणाला न कळता. तिसरंही. तिसऱ्या वेळी मी चौथ्या दिवशी खाली येऊन फर्मे दुमडत होते. शेजारीण म्हणाली, का गं अशी पांढरी पडलीस, आणि मी म्हटलं पित्त झालंय. पित्त! तेच त्या डॉक्टरने लिहिलंय ना आता? मूल गेलं आणि मला रडायचीही चोरी. काय वाचवलं तुमच्या नियमाने? माझं एक तरी वाचलं?”

“अगं, आता हे कशाला...” थोरला म्हणाला.

“तुम्ही बोलू नका. तुम्ही सही केलीत.”

तिने खळीचा सुरा उचलला आणि आपल्या पहिल्या वहीचं अस्तर कडेने कापून काढलं. आत चिठ्ठी होती, पिवळी पडलेली. ती तिने वाचली. सत्तावन्न किलो. मग दुसरी कापली. मग सुऱ्याची मूठ तिने माईंकडे केली. “तिची तुम्ही उघडा. तुम्ही बंद केलीत, तुम्हीच उघडा. नाहीतर मी उघडते. पण उद्या कोर्टात खोटं कोण बोललं हे मला सांगता यायचं नाही. ते तुमच्याच तोंडचं आहे.”

माईंनी सुरा घेतला. चाळीस वर्षांत त्यांच्या हातून अस्तर कधी वाकडं कापलं गेलं नव्हतं, आज गेलं. चिठ्ठी निघाली. आत्याने ती चष्म्याजवळ नेऊन वाचली. “अटकेच्या आधी अकरा दिवस. अकरावा आठवडा पूर्ण. बीपी एकशे दहा-सत्तर. सूज नाही.” तिने ती वकीलबाईंच्या हातात दिली. “घ्या. हा तुमचा जुना आजार. आता मोजा, अठ्ठावीस आठवडे होतायत. सातवा लागला.”

“मी उभी राहीन,” माई म्हणाल्या. “खटला भरू देत.”

बायकोने एकोणीस वर्षांत थोरल्याला लोकांदेखत ‘बोलू नका’ म्हटलं नव्हतं. मग तो कुणाकडेच न बघता बोलू लागला. “वकीलबाई, ती एक वही मागवा उद्या. ‘गरोदर व स्तनदा कैदी नोंदवही.’ नियमच आहे ठेवायचा. दरवर्षी मीच बांधतो, दोनशे पानी. शुक्रवारी कारकुनाने कपाटातून काढली, माझ्या सहीच्या कागदाखाली धरायला. उघडून धरली तशी ती कुरकुरली.”

“म्हणजे?”

“कडक पाठीची नवी वही पहिली दोन-चार वेळा उघडली की पाठ कुरकुरते. रोज वापरली की मग नाही. आठ महिन्यांपूर्वी दिलेली वही आहे ती, आणि अजून कुरकुरतेय. कुणी उघडलीच नाही. त्याच क्षणी कळलं मला.” त्याने हातातला पुठ्ठा बाजूला ठेवला. “कळलं आणि तरी सही केली. ठेका जाईल म्हणून नाही रे, खरंच वाटलं मंगळवारी पाठवतील. पण कळलं होतं.”

“आज संध्याकाळपर्यंत लिहून दे,” धाकटा म्हणाला. “ती सही मागे घेतली म्हणून.” भावाकडे त्याने पाहिलं नाही. पण कोरा कागद त्यानेच पुढे सरकवला.

धाकटीला सोमवारी कोर्टात आणलं तेव्हा उजेड तिच्या डोळ्यांत सुयांसारखा घुसत होता. पाय चपलेत मावेनात म्हणून ती अनवाणी होती. डावा हात पोलीसबाईच्या हाताला हातकडीने जोडलेला, त्यामुळे बाकावर बसायचं तर दोघींनी एकदमच बसायचं. पंधरा आठवड्यांत तिला घरच्यांचा रागराग आला होता, मग राग गेला होता, मग पुन्हा आला होता. सगळ्यांत जास्त स्वतःचा. दारात उभं राहून ‘आहे’ म्हणायला तिला कुणी अडवलं होतं? पहिल्या रात्री तिने मेट्रनला सांगितलंही होतं. मेट्रन म्हणाली, सगळ्याच सांगतात.

सरकारी वकील बोलले. घरच्यांचा ‘तक्रार नाही’चा कागद दाखवला. मग थोरल्या दिरांनी उभं राहून तो मागे घेतला, अडखळत, पण घेतला. मग वकीलबाईंनी चिठ्ठी दिली आणि नोंदवही मागितली. वही शेजारच्याच इमारतीतून आली, कारण तुरुंगाचं ऑफिस तिथेच होतं. वीस मिनिटांचंच काम. न्यायाधीशांनी ती उघडली. शांत खोलीत पाठ कुरकुरलेली सगळ्यांना ऐकू आली. त्यांनी पान उलटलं. आणखी एक उलटलं.

“ही कोरी आहे,” ते म्हणाले.

तुरुंगाचा कारकून उभा राहिला. “सर, सासूबाईंनी ‘नाही’ म्हणून सांगितलं होतं. म्हणून नोंद केली नाही.”

“मी सांगितलं होतं,” माई म्हणाल्या. त्यांना अजून बोलवलंही नव्हतं. त्या उठून पुढे आल्या होत्या, हातात उघडी छोटी वही. “खोटं सांगितलं. आमच्या घरात पाचव्यापर्यंत बोलत नाहीत. तो नियम मी केला होता, चूक माझी. त्याची काय शिक्षा असेल ती द्या.”

“म्हणजे ह्या बाई स्वतःच कबूल करतायत की त्या खोटं बोलतात,” सरकारी वकील म्हणाले. “आज मग विश्वास का ठेवायचा?”

“नका ठेवू!” माई ओरडल्या. धाकटीने त्यांना ओरडताना कधी ऐकलं नव्हतं. “माझ्यावर नका ठेवू, तिच्या पोटाकडे बघा! मी एकदा नाही म्हटलं, एका सकाळी, दारात उभी राहून. तुम्ही रोज नाही म्हणताय. हे पोट रोज तुमच्या डोळ्यांसमोर वाढलं. डॉक्टरने पाहिलं, मेट्रनने पाहिलं, जेवण वाढणारीने पाहिलं. एका म्हातारीच्या तोंडच्या शब्दावर तुमचे एवढे सगळे डोळे बंद झाले? मी तर घाबरून खोटं बोलले. तुम्ही कशाला बोललात?”

न्यायाधीशांनी हात वर केला. माई गप्प झाल्या, पण बसल्या नाहीत. न्यायाधीश धाकटीकडे बघत होते, तिच्या पायांकडे, मग मनगटाकडे.

“गरोदर बाईला हातकडी कुणाच्या हुकमाने घातली?”

पोलीसबाई उठली, तशी धाकटीलाही उठावं लागलं. “सर, कागदावर गर्भवती नाही असं लिहिलंय,” ती म्हणाली. तिच्या आवाजात उद्धटपणा नव्हता. ती खरंच कागदावरचं सांगत होती, आणि तिच्याच कोपराला ते पोट लागत होतं.

“काढा ती,” न्यायाधीश म्हणाले. “आत्ताच्या आत्ता.” मग त्यांनी हुकूम सांगायला सुरुवात केली. आजच्या आज मोठ्या हॉस्पिटलात दाखल करायचं. हातकडी नाही, खोलीत पुरुष पहारा नाही, घरची एक बाई सोबत. जामिनावर सुनावणी परवा. तुरुंगाच्या डॉक्टरने स्वतः हजर राहायचं. धाकटीला शब्द अर्धेच कळले. मनगट मोकळं झालं एवढं कळलं, आणि आत्याचे गार हात तिच्या गालांवर आले.

“डोळे मिटू नकोस,” आत्या म्हणाली. “माझ्याकडे बघ. अजून वेळ आहे, हे नीट ऐक, अजून वेळ आहे.”

चाकांची खुर्ची आली. एका बाजूला धाकटा, एका बाजूला थोरली जाऊबाई. वऱ्हांडा माणसांनी भरलेला, तारखांना आलेली माणसं, वकील, शिपाई. कुणी हलत नव्हतं. तेव्हा माई पुढे झाल्या.

“बाजूला व्हा,” त्या म्हणाल्या. “माझी सून पोटुशी आहे.”

शिपाई वळला. “काय झालं आजी?”

“पोटुशी आहे. सातवा लागलाय. वाट द्या.”

मग त्यांना थांबताच येईना. फाइली घेऊन चाललेल्या बाईला सांगितलं, जिन्याशी उभ्या असलेल्या दोघा वकिलांना सांगितलं, चहावाल्याला त्याची किटली धरून सांगितलं. तुरुंगाचा कारकून भिंतीला चिकटून जात होता, त्याला अडवून सांगितलं. “सातवा! लिहून घे!” अठरा वर्षं दाबून ठेवलेला शब्द त्या भेटेल त्याच्या अंगावर टाकत चालल्या होत्या, आणि मागून थोरली रडत रडत तोच शब्द पुन्हा म्हणत होती, मोठ्याने, कोणी ऐको न ऐको. तिच्याच दोघांसाठी असावा तो.

डोळे मिटायचे नाहीत म्हणून धाकटी मोजत राहिली. गाडीच्या दारापर्यंत माई तेरा जणांना सांगून झाल्या होत्या. चौदावा ड्रायव्हर होता. त्यालाही त्यांनी सांगितलं.